दाव्याची लांबी

मिडल्सब्रो. युथ कोर्ट, खोली तीन.
इथे उंच चौथरा नाही, झगे नाहीत,
पाण्याचे जग प्लास्टिकचे, भिरकावले तरी लागू नयेत असे.
मुलाला पहिल्या नावाने हाक मारायची, हा नियम.
मला सगळे मिसेस डी म्हणतात.
ढमढेरे अजून कुणाला जमलेलं नाही.

तर, ब्रॅडन. चौदाला तीन महिने कमी.
(हे त्याचं नाव नाही. खरं नाव लिहायला कायद्याची बंदी.
घोडीचं नाव कुणी विचारलंच नाही.)
आरोप दोन. घोडी चोरली.
घोडी परत घ्यायला आलेल्या पोलिसाच्या मनगटाला चावला.
मुलगा चावला. घोडी नव्हे.
पोलिसांच्या कागदावरून ते पटकन कळत नव्हतं.

माझ्याकडे चाळीस मिनिटं आणि एक फॉर्म.
शेजारी बहीण, वय एकोणीस, बेकरीच्या रात्रपाळीवरून थेट,
भुवयांत पीठ.
आई कुठे, या चौकोनात ती म्हणाली, "रेषा मारा."

"कुठे नेत होतास?"
"घरी."
"घर तिसऱ्या मजल्यावर ना?"
"लिफ्ट आहे."
"बंद असते," बहीण म्हणाली.

मग बराच वेळ काहीच नाही.
मग, बुटाच्या नाडीला सांगावं तसं:
"गोल गोल फिरून साखळी गुंडाळली होती तिने खुंट्याला.
बादली होती तिथेच.
तोंड पोचत नव्हतं."

आमच्यात याला दावं म्हणतात.
आणि कोर्टातला तो दावा.
'दाव्यात अडकली' म्हटलं तर बाई की गाय,
पुढचा शब्द येईपर्यंत सांगता येत नाही.
हे इंग्रजीत लिहिता येत नाही,
आणि लिहूही नये. रिपोर्टात उपमा आली
की मॅजिस्ट्रेट चष्मा काढतात.

मागच्या वर्षी एकासाठी लिहिलं होतं:
बाहेर ठेवण्याचे सर्व पर्याय संपले आहेत.
व्याकरण चोख. वाक्य माझं.
व्हॅनच्या जाळीआडून त्याने मला अंगठा दाखवला,
चांगला की वाईट, दिसलं नाही.
तेव्हापासून 'सर्व' हा शब्द टाइप करताना
बोट जरा थांबतं.

जोखीम: मध्यम.
शिफारस: सहा महिन्यांची रेफरल ऑर्डर, पोलिसाला पत्र,
आणि (हे कापलं, परत घातलं)
तबेल्यात शनिवारचं काम, मिळालं तर.

मधल्या खुर्चीतल्या बाईंनी शेवटचं पान उलटून पाहिलं,
मागे काही लिहिलंय का म्हणून.
"प्यायली का ती?"
ब्रॅडनने वकिलाकडे पाहिलं. हे विचारतील, असं त्यांनी सांगितलं नव्हतं.
"दोन बादल्या, मिस."
क्लार्कने तेही टाइप केलं असावं, कीबोर्ड वाजला.

तिघं आत गेले, बाहेर आले.
नऊ महिने.
मनगटाचे तीन जास्त, असं माझं गणित,
त्यांनी कारणं वेगळी वाचून दाखवली.

जिन्यात बहिणीने विचारलं, म्हणजे तुरुंग नाही ना?
मी समजावलं. पुन्हा समजावलं.
ती मान हलवत उभ्यानेच झोपेला आली होती.
तो म्हणाला, "आणि तिला?"
मी म्हटलं, बस येईल तुमची.

घरी जाताना उगाच रिंग रोडवरून वळले.
पुलाखालचं मैदान, गाद्या, ट्रॉल्या, वारा.
घोडी परत त्याच खुंट्याला.
साखळी पुन्हा संपलेली, हातभर उरलेली.
ऑफिसचे बूट चिखलात गेले.
तोंडाशी धरून तिला उलट्या प्रदक्षिणा घालायला लावल्या,
नऊपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं.
चावली नाही.
पाणी पिताना तिच्या गळ्यातून आवाज येतो,
मोठ्या माणसाने जिना उतरावा तसा.

टाइमशीटवर हा पाऊण तास
कशाखाली लिहायचा, ते अजून ठरलेलं नाही.