जावक क्रमांक टाकण्यापूर्वी

आमदारांच्या स्वीय सहायकाचा फोन: एकच पान,
पाचच मुद्दे. सहावा साहेब वाचत नाहीत.
अधिवेशन सोमवारपासून, नागपुरात,
जिथे आमची मासळी पोचते ती बर्फात झोपून.

सभागृहात तेवीस मागण्या जमल्या होत्या.
रेहाना होडेकर, आमच्या नगराध्यक्षा,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
चला, विरळणी करा.

मुख्याधिकारी लातूरचे. पाण्याची योजना
त्यांनी न विचारताच पहिली लिहिली.
टँकरमागे घागर घेऊन धावत मोठा झालेला माणूस,
त्याला कोण काय बोलणार?
दुसरा, बंदरातला गाळ.
तिसरा, अग्निशमन बंब,
कारण आहे तो ढकलून सुरू होतो
आणि शिमग्यात लाकडाची वखार पेटली तेव्हा
त्याच्या आधी रिक्षावाले पोचले, बादल्या घेऊन.

चौथ्यावर भांडण.
छप्पर स्मशानाला की मच्छी मार्केटला?
दोन्ही बाजूंनी आवाज चढले, चहा निवला.
मग मागच्या बाकावरून लाडू तांडेल उठला,
जो तीन वर्षांत एकदाही बोलला नव्हता.
"मेलेलो माणूस एकदाच भिजता.
माझी आवस रोज भिजता."
मार्केट.

पाचवा, सीआरझेडच्या रेषेचा.
ती रेषा नेमकी कुठून जाते ते कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून एकमताने मंजूर.

जेटीवरचा दिवा राहिला.
खर्च अकरा हजार चारशे.
शासनाकडे मागायला लाज वाटावी इतका कमी,
आमच्या तिजोरीला घाम फुटावा इतका जास्त.

मी एकोणीस वर्षं आवक-जावक सांभाळते.
गेल्या वर्षीची फाइल काढली, तारखा बदलायला.
पाचांतले चार तेच.
‘तरी विनंती की’ नंतरचा स्वल्पविराम, तोही माझाच.
एक मात्र यंदाच्या तेविसांतही नव्हता:
गाबीतवाडी, धूपप्रतिबंधक बंधारा,
लांबी तीनशे दहा मीटर.
हा कुणी वगळला, मी विचारलं.
सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

कुणीच नाही.
बंधारा झाला नाही,
आणि ज्याच्यासाठी मागत होतो ते
भाद्रपदातल्या उधाणात गेलं:
बावीस माड, रापणीचा मांगर,
शेवंता कुबलांचा खळा, जिथे बसून
मी मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या
आणि त्यांनी मला न विचारता सोलकढी दिली होती.
मागणी मंजूर नाही, नामंजूर नाही.
मागणीला टेकायला जमीन उरली नाही.

रजिस्टरात आहे अजून.
घर क्रमांक सहाशे बारा ते सहाशे एकोणतीस.
संगणक वेळच्या वेळी घरपट्टीची बिलं काढतो,
शिपाई ती घेऊन जातो, पाण्याकडे बघतो, परत येतो,
आणि मी शेरा मारते:
‘मालमत्ता जागेवर आढळली नाही.’

दिवाळीआधी शेवंताबाई आल्या होत्या,
चुरगळलेल्या नोटा रुमालात बांधून.
"पट्टी भरतंय. मगे घर आसा
म्हणान लिवन देशात?"

मी पावती फाडली.
दुसरं काय होतं माझ्या हातात फाडायला?

आता संध्याकाळ. सगळे गेले.
पाच मुद्दे टाईप झाले, खाली सह्यांची जागा.
मी सहावा घातला, कारण तो कुणी वाचणार नाही:
जेटीवर एक दिवा.
सातवा घातला:
घर क्रमांक सहाशे एकोणीस, शेवंता रामा कुबल,
होतं.

पान एकच राहावं म्हणून
समास दोन्हीकडून कमी केला.
अक्षरं कडेपर्यंत आली.
शिक्का मारायला जागा शोधावी लागली.