तळाचं दाट

आज एकविसावी मादी.
डॉन एलिसेओने काल ओहोटीला खडकाखालून काढली,
ओल्या पोत्यात गुंडाळून दारात ठेवली, पैसे नको म्हणाला.
एक नांगी तुटून पुन्हा उगवलेली, जरा खुजी.
उलटी धरली की पोटाखालची ओटी दिसते
आणि ओटीत अंडी, हजारोंनी,
नारिंगी, एकमेकांना चिकटलेली,
कुणाचं कुठलं टोक ते कळत नाही.

चिमट्याने दहा-दहा वेगळी करायची.
कथलाच्या इवल्या वाटीत वाळवायची.
मग काचेच्या पेटीतला तराजू,
खिडकी बंद, पंखा बंद,
तोंड दुसरीकडे वळवून श्वास.
दोनशे सेहेचाळीस मायक्रोग्रॅम.
दोनशे नव्वद.
एकशे शहाऐंशी.
एकाच आईची. एकाच रात्री घातलेली.

डॉक्टर ओयार्सून म्हणतात, सरासरी काढून मोकळं होऊ नका,
सरासरी ही आळशी माणसाची आई.

आमची आई आठ जणांची.
केहुई बेटावर, लोखंडी चुलीपाशी,
बटाटे, मेंढीचं हाड, समुद्रातली काळी वादी,
सगळं एका पातेल्यात.
डाव एकच, दांडा वाकलेला.
रेमिहिओ नेहमी पहिला, वाडगा पुढे करून.
मी नेहमी शेवटची. होडी ओढून बांधायचं काम माझं,
आणि दोर ओला असला की गाठ बसत नाही.

आचाओच्या शाळेत नर्सबाईंनी वजनं घेतली तेव्हा
माझा काटा पुढे, त्याचा मागे,
तो माझ्याहून दोन वर्षांनी थोरला.
येताना बोटीत तो एवढंच बोलला:
"तुझं ती राखून ठेवते."
सोळाव्या वर्षी दक्षिणेला गेला, खेकड्यांच्या बोटीवर.
नाताळला फोन करतो. मला.

रविवारी आईला विचारलं.
ती लोकर पिंजत होती.
आई, पंगतीत तू डावं-उजवं करायचीस का गं?
मला जास्त वाढायचीस?

"मी कुठे काय करणार!
धूर इतका, की वाडगा कुणाचा तेही दिसायचं नाही.
आधी आला त्याला वरचं पाणी.
शेवटी आला त्याला तळाचं दाट."

मग बराच वेळ नुसती लोकर.
मी उठून चपला घातल्या, तेव्हा म्हणाली,
माझ्याकडे न बघता,
"ढवळता आलं असतं, म्हणा."

एकविसावीला मी परत टाकीत सोडली आहे.
कोपऱ्यात जाऊन, पायांवर उंच होऊन
ती ओटी उघडते, मिटते, उघडते.
आतल्या अंड्यांना पाणी लागावं म्हणून
सारखी ढवळते, रात्रभर ढवळते.
पण बलक वाटून झालाय केव्हाच,
अंडी पोटाबाहेर येण्याआधी, आत, अंधारात,
जिथे तिलाही कुणी विचारलं नव्हतं
की कुणाला किती.
आता तिच्या हातात फक्त हवा.

भिंगाखाली बघते:
एकशे शहाऐंशीच्या घोसातल्या भावंडांनाही
डोळ्यांचे काळे ठिपके आलेत.
ज्याला कमी वाढलं तोही वाढलाच.
किती दिवस, कुठल्या समुद्रात,
ते माझ्या वहीत नाही.

रेमिहिओला हे सांगायचं का?
काय म्हणून सांगू,
की तिला दिसत नव्हतं?
की तुला भूक फार होती, म्हणून तू पहिला,
आणि पहिला म्हणून तुला पाणी?
त्याचं हसणं मला आत्ताच ऐकू येतंय,
वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात, बोटीवरचं.

बाविसावी वाटी.
आकडा थांबता थांबत नाही.
माझाच श्वास असणार.
दार उघडून बाहेर जाऊन येते,
मग पुन्हा घेते वजन.