पाऊणपट

कालावलच्या खाडीवर उजाडता उजाडता पोचलो,
गळ्यात दुर्बीण, खिशात यादी:
बत्तीस नावं, प्रत्येकापुढे कोरा चौकोन.
समोर नुसतं पाणी.
बांधाच्या वरच्या दगडाला लागलेलं,
तिवरांच्या कमरेपर्यंत.
एक ढोकरी होडीच्या नाळेवर, तीही पाठ करून.

लवू तारी पागाच्या गाठी तपासत बसला होता.
काय शोधताय, हे त्यानं विचारलंच नाही.
"आज आठम," म्हणाला. "आठाची पाऊणपट किती?"
शाळेतल्यासारखा मी दचकलो. सहा.
"मगे? साक भरती. चिखल बाराक उघडतलो."

तर सहा तास.
पाणी ओसरताना दिसत नाही.
एका दगडावर नजर रोखून धरली, तो तेवढाच ओला.
लवूच्या किटलीतला गुळाचा चहा पिऊन वळलो
तर दगडाखाली दुसरा दगड होता.
मग तिवरांची मुळं, पेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी.
मग ऊन.
दुर्बिणीची नळी तापली, भिंगावर घाम,
माघातच ही गत.

बारानंतर चिखल चालू लागला.
म्हणजे चिखल नव्हे, चिखल्या पक्षी:
सोळा मोजले, मग चाळीस, मग मोजणं सोडलं.
धावायचे, थांबायचे,
काही विसरल्यासारखे पुन्हा धावायचे.
तेवढ्यात तिघी बायका तिसऱ्या काढायला उतरल्या,
लुगडी गुडघ्यावर, टोपल्या कमरेला.
पक्षी उडाले नाहीत. जरा सरकले,
एसटीत कुणी सरकून जागा देतं तसे.

त्यांच्यातच तो, विळ्याच्या चोचीचा,
पायात निळं कडं.
कड्यावर आकडा असतो. आकड्यावरून कळतं
कुठला, कधीचा, कुणी धरून सोडलेला.
लवूच्या हाती दुर्बीण दिली. म्हटलं,
फार लांबून येतो हा, बर्फाकडून.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
"माजो झील कुवेतात. दोन वर्सान येता.
ह्येका रजा कोण देता?"

चपला काढून मी उतरलो, आकडा वाचायला,
आणि पोटरीपर्यंत गेलो.
वर कोमट, आत गार.
कडं चिखलानं बुजलेलं.
तो एक पाऊल पुढे, मी अर्धं.
मागे बायका हसत होत्या,
त्याला नक्कीच नाही.

पाय धुतले. यादी भिजली होती.
लवूनं पाग खांद्यावर टाकला.
"उद्या नवम," म्हणाला,
"पाऊण तास उशिरा येवा."