हवा काढताना

अस्मारात, गिरमायच्या गॅरेजात
फियाटचं मागचं चाक उतरवलंय.
लायनर इतके झिजलेत
की रिव्हेटनी ड्रमवर गोल रेघा ओढल्यात.

"मस्सावाहून असाच आलास?"
हब्तोम टॅक्सीवाला नुसता हसतो.
"चढाला ब्रेक कुणाला लागतो!"

नवे लायनर बसले.
आता गाडीखाली गिरमाय, पाय तेवढे बाहेर,
आणि सीटवर सेमहार, त्याची धाकटी.
पूर्वी पेडलवर दोन्ही पायांनी उभी राहायची.

दाब.
धर.
सोड.

नळीतून तेल येतं, तेलात बुडबुडे.
पुन्हा. अजून एक, मोहरीएवढा.
एवढ्याशा हवेनं, तो खालून म्हणतो,
अख्खा घाट पायाखालून निसटतो.

कितव्यांदा कोण जाणे,
पेडल तिच्या तळव्याला उलट उत्तर देतं
आणि दोघं एकदमच म्हणतात, "झालं."

"किती टिकतील?"
"उतारभर पाय ठेवून बसलास, तर मेपर्यंत.
गिअरला विचारत उतरलास, तर माझ्याहून जास्त."

गिरमाय चाक हातानं फिरवतो,
चांगला कान त्याच्याकडे करून ऐकत राहतो.

अर्धे पैसे आज. उरलेल्यांचे मासे,
म्हणजे हब्तोमला
परत वर यावंच लागेल.