माग

बू धारी मला बाटोळे म्हणतात.
त्यांच्या भाषेत प नाही,
आणि वाटोळं एका अक्षरावर थांबलंय
म्हणून बावीस वर्षं मी तक्रार केलेली नाही.

शर्कमधलं ऑफिस, चौदावा मजला.
बाहेर धूळ इतकी, की समुद्र आहे
हे नकाशावरून मान्य करायचं.
म्हणाले, बाटोळे, जानेवारीत रानरेडा मारायचाय.
आफ्रिकेत. खात्रीचा माणूस शोध.
चुलतभावाला गेल्या साली लुबाडलं,
कुंपणातला सिंह, तोही पेंगुळलेला.

मग मी, ज्याने गलोलीनेसुद्धा
कधी काही पाडलं नाही,
एक तक्ता आखला.
परवाना कुणाच्या नावावर, रान स्वतःचं की पोटभाड्याचं,
यंदा किती रेडे मंजूर, त्यातले किती उरलेत,
अनामत बुडते की परत येते,
शिंगं-कातडं शुवैखच्या बंदरात
कुठल्या कागदावर उतरणार.
एकाने दहा खूश गिऱ्हाइकांचे नंबर दिले.
म्हटलं, रिकाम्या हाताने परतलेल्यांचे द्या.
मग त्याचं उत्तर आलं नाही.

रात्री साल्मियातल्या खोलीत तांदूळ धुताना आठवलं,
डोंगरीच्या एजंटला मी
यातलं एकही विचारलं नव्हतं.
त्याच्या टेबलावर काचेखाली विमानाचं चित्र होतं.
तेवढ्यावर आईच्या पाटल्या दिल्या.

दरपत्रकात तळाशी, बारीक अक्षरात:
जनावर जखमी होऊन निसटलं, तर मेलं असं धरू.
पैसे पूर्ण.
सगळ्यांचंच तसं होतं. रास्तच आहे.
पण पैसे घेतल्यावर
त्या जनावराचं पुढे काय,
हे कुणीच छापलं नव्हतं.

आमचा बाप दाजीपूरच्या रानात माग काढायचा.
म्हणायचा, रक्तात फेस असला तर फुफ्फुस,
काळपट असलं तर काळीज,
आणि चोथ्याचा वास आला
तर रात्रीचं जेवण विसर.
एकदा एक पाहुणा गवा जखमी करून
जीपमध्ये जाऊन बसला.
बाप दोन रात्री गव्यामागे होता, मजुरी एका दिवसाची.
आला तेव्हा करवंदीच्या जाळ्यांत धोतराच्या चिंध्या झालेल्या.
आई बोलली नाही. पाणी तापवलं.

तेव्हा फोनवर प्रत्येकाला एकच विचारलं,
माझ्या मोडक्या इंग्रजीत:
गोळी पोटात लागलीय, अंधार पडतोय,
पाहुण्याचं विमान सकाळचं. तुम्ही काय करता?

नामिबियावाला म्हणाला, आमच्याकडे असं होतच नाही.
दुसरा विम्याबद्दल बोलत राहिला.
अरुशाचा मसावे गप्प झाला.
लाइनवर पंखा ऐकू येत होता, आणि एक कोंबडी.
मग म्हणाला, एकदा झालं. चार दिवस.
तिसऱ्या दिवशी माझ्या मागकाढ्याची मांडी फाटली.
पाहुणा तोवर घरी पोचला होता.
मी नाव विचारलं.
त्याने मागकाढ्याचं सांगितलं, पाहुण्याचं नाही.
गाव सांगितलं. दरमहा काय पाठवतो, तेही.

तक्त्यात याला रकाना नव्हता.

बू धारींनी कागद उलटसुलट पाहिला.
हा महाग आहे, बाटोळे.
होय.
याच्या तंबूत एसी नाही.
नाही.
मग हाच का?

बापाचं नाव काढायचं नव्हतं.
म्हटलं, सर, हा जेवायला उशिरा बसतो.

ते बराच वेळ बघत राहिले.
भिंतीवर त्यांच्या आजाचा फोटो, लाकडी होडी,
मोत्यांसाठी बुडी मारणारा माणूस.
वर दोर कुणी धरायचा
हे त्याने दर विचारून ठरवलं नसावं.

पेन मागितलं. सही केली.
म्हणाले, तीन वाजलेत.
जा, जेवून घे.