पगडीचं दुसरं टोक

पहाटे दोनचा गजर. त्याच्या आधीच डोळे उघडतात
चौदा वर्षांच्या सवयीनं.
नळाचं पाणी इतकं गार, की अंग
क्षणभर दुसऱ्याच कुणाचं वाटतं.
मग केसांतून लाकडी कंगवा, मग पाठ,
गोठ्यामागच्या खोलीत, हलक्या आवाजात.
बाहेर पो नदीचं धुकं,
धुक्यात दोनशे गाई,
त्यांच्या दुधाचं चीज होऊन कुठे कुठे जातं.

पगडीचं कापड सहा मीटर. निळं.
घडी घालायला दोघं लागतात:
एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं ताणत यायचं,
एकही सुरकुती राहू द्यायची नाही.
मी दाराच्या कडीला बांधायचो.
दार बरं. दाराला विचारावं लागत नाही,
तू केस का कापलेस.

लवजोत शेजारच्या खोलीत आला त्या हिवाळ्यात.
मान उघडी, कानामागे मशीनची ताजी रेघ.
मी त्याला शिकवलं कोणती गाय लाथ मारते,
कुणाचा मागचा उजवा सड दुखरा आहे,
आणि मनात एक वही उघडली.
पहाटे उठत नाही.
कडं आहे, पण हौसेचं.
रविवारी डोक्याला रुमाल, तोही गुरुद्वाराच्या टोपलीतला.
वहीत इतरांचीही पानं होती,
बियर पिणारा ट्रकवाला बलकार,
भुवया कोरणारी त्याची मेहुणी.
माझं पान कोरं होतं.
मी ते स्वच्छ समजत होतो.

एकदा लंगरात डाळ वाढताना म्हणालो,
पंगतीला ऐकू जाईल असं:
ज्यांनी शीर दिलं, त्यांची लेकरं केस देऊन आली.
तो काही बोलला नाही.
दोन्ही हात पुढे करून त्यानं पोळी घेतली,
जशी घ्यायची असते तशी,
आणि खाली मान घालून जेवला.
लागलं असावं.
खरं सांगतो, मला बरं वाटलं.
त्या रात्रीही पाठ म्हटला. कुठे अडखळलो नाही.
आज त्याचंच जास्त भय वाटतं.

फेब्रुवारीत मालकानं दार उतरवून नेलं,
दमटपणानं फुगलं होतं म्हणून.
चौकटीला गोधडी टांगलेली,
आणि मी सहा मीटर कापड घेऊन उभा,
भिंतीत खिळा शोधत.
गोधडी सरकवून लवजोत आत डोकावला.
रात्रभर एका अडलेल्या गाईपाशी बसला होता,
कोपरापर्यंत लाल झालेले हात.
म्हणाला, मलूकचाचा, हात धुतलेत,
साबणानं, दोनदा.

दोनदा. ते मला आधी ऐकू आलं,
टोक त्यानं नंतर धरलं.

करंगळी आत मुडपून, एक झटका देऊन,
जितका ताण हवा तितकाच.
दार नुसतं अडून राहतं. त्याला सैल सोडता येत नाही.
हा मी जवळ येताना सोडत होता,
मागे जाताना धरत होता.
कुणाची धरायचास, मी विचारलं.
बापूंची, म्हणाला,
आणि कापडाकडे बघत राहिला.
पुढचा प्रश्न जिभेवर आला होता.
गिळला.
वासरू कसं आहे, एवढंच विचारलं.
उभं राहिलं, म्हणाला.

त्यानं केस वाढवले नाहीत.
मी माझे बोटभरही कमी केले नाहीत,
दोनला उठतो, गार पाणी घेतो.
रविवारी आता जोडाघरात बसतो,
बुटांवरचं शेण पुसतो. बरंचसं आमच्याच गोठ्यातलं.
वही मिटली म्हणालो तर खोटं होईल.
परवाच बलकारच्या पानावर एक ओळ पडली.
पण उघडताना हल्ली माझं पान आधी लागतं,
आणि ते भरायला बराच वेळ जातो.

मार्चमध्ये नवं दार आलं.
कडी पितळेची, भक्कम.
तिच्यावर मी टॉवेल वाळत घालतो.