पेटीचं माप

शिरोली पुलाची, एमआयडीसी. पावणेदोन.
बाहेर हायवेला उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत चाललेला.
भट्टीच्या पॅनेलचं दार उघडं, आत हिरवा बोर्ड,
तळहातावर मावेल एवढं लिनक्स,
तिथून माझ्या लॅपटॉपपर्यंत तीन तारा:
एक बोलायची, एक ऐकायची, एक अर्थिंगची.

लांबलचक कमांड टाइप करते.
ऐंशी अक्षरं व्हायच्या आतच
ओळ खाली उतरायची सोडून माघारी फिरते
आणि स्वतःच्याच डोक्यावर चढते.
तापमानाचा आकडा फाइलच्या नावात घुसतो,
खोडायला जावं तर प्रॉम्प्टच पुसला जातो.
१४२० की १४०२?
एंटरवरचं बोट तसंच.

दस्तगीर मुल्लाणी भट्टीवरनं डोकावतात.
"झालं का ताई? रस काय थांबतोय व्हय तुझ्यासाठनं?"
मी पडदा वळवते. ते चष्मा कपाळावर नेतात.
"ह्याला पेटीचं माप कुणी सांगितलंय?"
"कुठल्या पेटीचं?"
"वततोय जिच्यात, तिचं."

खरंच की.
तीन तारांतून अक्षरं जातात, रुंदी जात नाही.
माझी खिडकी मी ओढून केवढी केली
हे त्याला कळवायला चौथी तार नाही.
तो धरून चाललाय ऐंशी बाय चोवीस,
कुठल्याशा जुन्या काचेचं माप,
जी ह्या शेडमध्ये कुणी पाहिलेली नाही.
शिवाय प्रॉम्प्ट रंगवायला मीच हौसेनं घातलेली चिन्हं,
दिसत नाहीत,
तरी हा एकेक मोजत बसलेला.

त्यांना कंस घातले: ही धरू नकोस.
मग कर्सरला म्हटलं, जा,
ओळ नऊशे नव्याण्णव, रकाना नऊशे नव्याण्णव.
एवढी जागा नाही, मला माहीत होतं.
गेला. भिंत लागली तिथं थांबला.
कुठं आहेस?
त्रेचाळीस, एकशे बत्तीस.

तेवढंच बोर्डाला कळवलं,
आणि लॉगिन झालं की आधी हेच विचार,
असं फाइलीत लिहून ठेवलं.

पुन्हा टाइप केलं. ऐंशी गेलं, शंभर गेलं,
एकशे बत्तीसला ओळ गुमान खाली उतरली.
चौदाशे वीस. मोठ्यानं वाचलं. एंटर.

भट्टीची घरघर चढली.
मुल्लाणींनी पुढची पेटी ओढली,
कालचीच, परवाचीच,
आणि वीत टाकून पुन्हा मोजली.